विमानांतील पेट्रोलचा वास

स्वयंपाकघरांतून दूध करपल्याचा वास आला कीं गृहिणी हातांतलें काम टाकून चुलीकडे धांवते. वास म्हणजे संकट नव्हे, तो संकटाचा निरोप आहे, हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु हाच निरोप जमिनीपासून हजारों फूट उंचीवर, एका लहानशा विमानांत एकट्या बसलेल्या माणसाला आला, आणि वास दुधाचा नसून पेट्रोलचा असला, तर? त्याला उठून धांवतां येत नाहीं, कीं दार उघडून अंगणांत जातां येत नाहीं. विमानविद्येच्या इतिहासांत पराक्रमाच्या कथा पुष्कळ आहेत. या वासाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. ती आज सांगावयाची आहे.

प्रथम एक साधी शंका. पेट्रोलसारखा ज्वालाग्राही पदार्थ वैमानिकाच्या इतक्या निकट ठेवावाच कां? याचें उत्तर आपल्या घराच्या गच्चीवर सांपडेल. पाण्याची टाकी उंचावर असली म्हणजे खालच्या तोटीला पाणी आपोआप येतें. १९०३ सालच्या डिसेंबरांत राइट बंधूंनीं किटी हॉक येथें उड्डाण केलें तेव्हां त्यांनीं हाच नियम वापरला. पेट्रोलचा लहानसा डबा पंखांमधील एका खांबाला उंचावर बांधला होता, व त्यांतून पेट्रोल आपल्याच वजनानें इंजिनाकडे उतरत असे. पुढें प्रवास लांबले आणि टाक्या मोठ्या झाल्या. पेट्रोल जळत जाईल तसतसें टाकीचें वजन घटतें. ती विमानाच्या एका टोकाला असेल तर तोल बिघडतो. म्हणून ती मध्यभागीं हवी; आणि वैमानिकही बहुधा तेथेंच बसतो! पहिल्या महायुद्धांतील डी. एच. ४ या विमानांत मुख्य टाकी वैमानिक व त्याचा सोबती यांच्यामध्यें होती. १९२७ सालीं चार्ल्स लिंडबर्ग एकटा अटलांटिक ओलांडून पॅरिसला गेला, तेव्हां त्यानें मुख्य टाकी मुद्दाम आपल्या पुढें, इंजिनाच्या मागें बसवून घेतली. अपघात झालाच तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्यें आपण चिरडले जाऊं नये, हा त्याचा हिशेब. त्यासाठीं समोरचा देखावा त्यानें गमावला. पण टाकीचा शेजार त्यालाही चुकवितां आला नाहीं.

हा शेजार किती जाचक असतो तें एमी जॉन्सन हिच्या प्रवासांत दिसून येतें. इंग्लंडांतील हल शहरीं जन्मलेली ही पदवीधर तरुणी लंडनमध्यें एका कायदेपंडिताच्या कचेरींत नोकरी करीत असे. विमान चालविण्याबरोबरच तें खोलून जोडण्याचेंही शिक्षण तिनें घेतलें, आणि १९२९ सालीं विमान-दुरुस्तीचा सरकारी परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली. ५ मे १९३० रोजीं ती ‘जेसन’ नांवाच्या जुन्या जिप्सी मॉथ विमानांतून क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

मॉथची नेहमींची टाकी वरच्या पंखाच्या मध्यावर असते. दूरच्या पल्ल्यासाठीं लागणारी जादा टाकी पुढच्या रिकाम्या बैठकींत बसविली होती. ती खालीं आणि मुख्य टाकी वर. तेव्हां खालचें पेट्रोल हातपंपानें वर चढवावें लागे. एका हातानें विमान सांवरावयाचें आणि दुसऱ्या हातानें पंप मारावयाचा! त्यांत तो पंप गळका. वाफेनें तिला मळमळूं लागे. वस्तुतः मॉथचें कॉकपिट उघडें. तोंडावर वारा घोंघावत असतांही ही वाफ कां राहावी? कारण असें कीं, पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती तळाशीं सांचते. शिवाय वेगानें जाणाऱ्या विमानांत बाहेरच्या वाऱ्याच्या ओढीमुळें कॉकपिटांतला दाब किंचित् कमी होतो, आणि फटींतून बाहेरची वाफही आंत खेंचली जाते. असा त्रास सोसून ती १० मे रोजीं कराचीस पोंचली. दुसऱ्या दिवशीं पेट्रोल संपत आल्यामुळें तिला झाशीच्या कवाईतीच्या मैदानावर उतरावें लागलें. २४ मे रोजीं ती ऑस्ट्रेलियांतील डार्विनला जाऊन पोंचली. दिवसभर उडून उतरल्यावर दुसरा कोणी अंथरूण शोधील. ही आपलें इंजिन तपासावयास बसे. सरकारी परवान्याचें चीज तें येथें झालें.

दोन वर्षांनीं अमेरिकेच्या अमेलिया इअरहार्ट हिला हाच निरोप याहून भयंकर वेळीं मिळाला. २० मे १९३२ च्या सायंकाळीं न्यूफाउंडलंडमधील हार्बर ग्रेसहून ती लॉकहीड व्हेगा विमानांतून एकटीच अटलांटिकवर निघाली. वाटेंत उंची दाखविणारें यंत्र बंद पडलें. मग इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा तडकला, आणि त्या भेगेंतून ज्वाळा दिसूं लागल्या. सभोंवार रात्र, ढग, आणि पंखांवर बर्फ. पुढें राखीव टाक्या चालू केल्या तेव्हां तिच्या ध्यानांत आलें कीं, पेट्रोल-मापक गळतें आहे व पेट्रोल आपल्या मानेवर ओघळतें आहे. समोर ज्वाळा आणि मानेवर पेट्रोल! वाफ ज्वाळेपर्यंत पोंचली असती तर पुढची कथा सांगावयास कोणी उरलें नसतें. दुरुस्ती अशक्य होती. उतरणें शक्य होतें. तिनें पॅरिसचा हट्ट सोडला आणि उत्तर आयर्लंडांतील लंडनडेरीजवळ कल्मोर येथें एका कुरणांत विमान उतरविलें. १४ तास ५६ मिनिटांच्या त्या प्रवासानें ती अटलांटिक एकटीनें उडून ओलांडणारी पहिली स्त्री ठरली. हट्ट सोडण्याचें शहाणपणही त्या पराक्रमाचाच भाग होता.

या दोन प्रसंगांत एक साम्य आहे. पेट्रोल आहे एवढेंच नाक सांगतें. कोठून आलें तें सांगत नाहीं, कारण वाफ क्षणांत कॉकपिटभर पसरते. म्हणून जाणता कारागीर ‘वास कोठें येतो’ असें न विचारतां ‘वास केव्हां येतो’ असें विचारतो. एमीचा त्रास पंपाशीं बांधलेला होता. अमेलियाची गळती राखीव टाक्या चालू करतांच प्रकट झाली. ‘केव्हां’ कळलें म्हणजे ‘कोठें’ आपोआप उलगडतें. लहान विमानांत आजही हीच रीत उपयोगी पडते. काठोकाठ भरून उन्हांत उभ्या केलेल्या विमानांत वास आला, तर पेट्रोल उष्णतेनें फुगून टाकीच्या हवेच्या नळीवाटे सांडलें असेल. इंजिन सुरू करतांना आला, तर आरंभीं पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप झिजला असेल. वळतांना किंवा चढतांना आला, तर टाकीचें झांकण आणि वरचे सांधे पाहावे. सदोदित येत असेल, तर टाकी बदलण्याची तोटी आणि गाळणी तपासावी. मग डोळ्यांचें काम सुरू होतें. विमानाच्या पेट्रोलांत मुद्दाम रंग घालतात. आज बहुप्रचलित असलेलें पेट्रोल निळें असतें. गळालेलें पेट्रोल उडून जातें, पण सांध्याभोंवतीं त्याचा निळसर डाग मागें राहतो. चोर पळाला तरी पावलें उमटलेलीं असतात.

मात्र नाकाची एक खोड ध्यानांत ठेविली पाहिजे. तें लवकर निर्ढावतें. थोड्या वेळानें वास येईनासा झाला म्हणजे गळती थांबली असें नव्हे; आपण तिला सरावलों असें समजावें.

आणि पेट्रोलच्या शेजाराची खरी किंमत युद्धानें दाखविली. १९४० सालीं ब्रिटनच्या आकाशांत लढणाऱ्या हरिकेन विमानाची २८ गॅलनांची राखीव टाकी वैमानिकाच्या पुढ्यांतच असे. ती पेटली कीं ज्वाळा थेट कॉकपिटांत येत. भाजलेल्या अनेक तरुणांच्या चेहऱ्यांवर व हातांवर डॉ. आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनीं ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयांत पुनःपुन्हां शस्त्रक्रिया केल्या. त्या रुग्णांनीं १९४१ सालीं ‘गिनीपिग क्लब’ नांवाचें मंडळ काढलें. आपल्यावर नवनवे प्रयोग होत आहेत, हा त्या नांवांतला विनोद. तो विनोद करण्यास किती धैर्य लागलें असेल, याची कल्पना आपणांस येईल.

आजच्या बहुतेक लहान विमानांत टाक्या पंखांत गेल्या आहेत. तरी टाकी बदलण्याची तोटी वैमानिकाच्या हाताशींच हवी. म्हणून पेट्रोलची नळी पुष्कळ विमानांत आजही त्याच्या पायांजवळून जाते. तेव्हां नियम जुनाच राहिला आहे. जमिनीवर वास आला तर इंजिन सुरू करूं नये, विजेचें बटणही दाबूं नये; आकाशांत आला तर जवळची जागा पाहून उतरावें. आणि उतरल्यावर ‘आतां वास नाहीं’ एवढ्यावर समाधान न मानतां, तो डाग सांपडेपर्यंत शोध सोडूं नये.