उंबरठ्याबाहेरची जप्ती

हप्ते थकल्यामुळे एखाद्याची रिक्षा किंवा मालमोटार गेली, तर खानदेशात ती 'जप्त झाली' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'गाडी ओढून नेली' असेच म्हणतात. जप्ती म्हटली की तिच्यामागे हुकूमनामा, बेलीफ, पंच आणि पंचनामा असा सारा सरंजाम उभा राहतो. ओढून नेण्यामागे ओढणाऱ्याच्या बळापलीकडे काही दिसत नाही. सामान्य माणसाने न्यायशास्त्राचा ग्रंथ न उघडता या दोन शब्दांत जो भेद केला आहे, तो मला अत्यंत अचूक वाटतो, आणि तो कसा पडत गेला हे पाहण्यासारखे आहे.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास कलेक्टरीचे ठाणे केले, तेव्हा वसुलीची जुनी रीत तगाद्याची होती. दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात या तगाद्याचे वर्णन केले आहे: धनको ऋणकोला घरात कोंडून ठेवी, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवी; आणि ऋणको मोठा असला तर त्याच्याच दारात आर्जवे करीत धरणे धरी. सरकारी बाकी थकली तर रयतेच्या दारी मोहसल, म्हणजे वसुलीचा शिपाई, बसे, आणि त्याच्या पोटगीचा भारही त्याच घरावर पडे. ही रीत क्रूर होती यात संशय नाही. परंतु ती गावाच्या डोळ्यांदेखत चाले. पाटील, शेजारी, भाऊबंद मध्ये पडत, काही सोडून काही घेण्याची तडजोड होई, आणि धरणे धरणारा स्वतःही उपाशी बसत असल्यामुळे त्याच्या हट्टालाही देहाची मर्यादा असे.

इंग्रजी न्यायालये आली आणि ही मर्यादा गेली. दस्तऐवजावर अंगठा उमटला की दावा, दाव्यावर हुकूमनामा, हुकूमनाम्यावर दरखास्त आणि दरखास्तीवर जप्ती, अशी एक शृंखला तयार झाली, आणि तिच्यात पाटलाच्या शब्दाला स्थान उरले नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यास लोकांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा त्यांचा राग माणसापेक्षा कागदावर अधिक होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे थांबविले आणि जी जमीन खास गहाण दिलेली नाही तिच्या जप्तीस मनाई केली. पण तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. तापीकाठची काळी कसदार जमीन आणि तिच्यावरचा कापूस सावकाराच्या डोळ्यांत भरलेला असताना खानदेश त्या छत्राबाहेर राहिला, ही गोष्ट मला आजही बोचते.

तथापि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने साऱ्या देशासाठी जप्तीला ज्या वेसणी घातल्या, त्या वाचताना एका वेगळ्याच ममत्वाचा प्रत्यय येतो. कलम ६० मध्ये जप्तीपासून मुक्त असलेल्या वस्तूंची यादी आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्यास लागणारी गुरे आणि बियाणे, तसेच धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे अलंकार, म्हणजे आपल्याकडे प्रथम मंगळसूत्र. कलम ६२ त्याहून पुढे जाते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी कोणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही. घर खुद्द ऋणकोच्या ताब्यात असून तो आत येऊ देण्यास नाकारीत असेल तरच बाहेरचे दार फोडता येते. आणि परपुरुषासमोर न येणारी स्त्री एखाद्या खोलीत असेल, तर तिला तेथून निघून जाण्यास पुरेसा अवकाश द्यावा लागतो. कायद्याने येथे उंबरठा ओळखला होता. गरिबाच्या घरालाही एक आतली बाजू असते, हे त्याने मान्य केले होते.

स्थावराच्या जप्तीची तर दवंडी पिटण्याची तरतूद होती. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, आणि कोकणातल्या आपल्या घरावर आलेली जप्तीची दवंडी व त्या आवाजाने खचून गेलेली आई तीत चित्रित केली. ढोल वाजला की अब्रू गेली, हे खरेच. पण ढोल वाजल्यामुळे काय चालले आहे ते गावाला कळे, हेही तितकेच खरे आहे.

कळल्यावर गाव काय करू शकते, हे खानदेशच्या पश्चिम सीमेपलीकडे १९२८ साली दिसले. नंदुरबार-नवापूरवरून सुरतेकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेवरच बारडोली लागते. वाढीव सारा नाकारणाऱ्या तेथील शेतकऱ्यांच्या म्हशी सरकारने जप्त करण्यास आरंभ केला, त्यासाठी पठाण नेमले. तेव्हा स्वयंसेवक वेशीवर पहारा देत, जप्तीवाले येताना दिसले की ढोल आणि शंख वाजवीत, आणि क्षणार्धात साऱ्या गावाची दारे लागत. माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली अंधारात कोंडून घेत. सरकारी दवंडीला लोकांच्या ढोलाने दिलेले हे उत्तर उंबरठ्याच्या आधारावर उभे होते. म्हैस घरात घेता येत होती.

मालमोटार घरात घेता येत नाही. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. धुळ्यावरून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन हमरस्ते जातात; रावेर-यावल-सावद्याची केळी दूरच्या बाजारांकडे मोटारींतूनही निघतात; आणि गावोगावच्या काळीपिवळ्या, रिक्षा, ट्रॅक्टर यांतील कितीतरी वाहने हप्त्यांवर घेतलेली असतात. आरसी बुकावर धनकोचा बोजा चढतो, आणि करारनाम्यातील एका बारीक अक्षरांच्या कलमाने वाहन परत नेण्याचा अधिकार ऋणकोने पहिल्याच दिवशी लिहून दिलेला असतो. या वाटेवर बेलीफ येतच नाही. मग बेलिफासाठी घातलेल्या वेसणी कोणाला लागू व्हाव्यात? जो बैल संहितेने वाचविला, त्याचेच काम आज रिक्षा करते, पण ती गल्लीत उभी असते, उंबरठ्याच्या बाहेर.

भाडेखरेदीच्या व्यवहारासाठी संसदेने १९७२ साली एक कायदा केला होता. किमतीचा ठराविक हिस्सा फेडला गेल्यावर न्यायालयावाचून वस्तू परत घेता येऊ नये, अशी त्यात तरतूद होती. तो कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २००५ साली तो रद्द करण्यात आला. तेहतीस वर्षे तो कागदावर निजून राहिला, आणि त्याच काळात रस्त्यावरची वाहने आणि त्यांच्यावरची कर्जे वाढत गेली. पुढे २००७ साली प्रकाश कौर यांच्या प्रकरणात आणि पुन्हा २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की वसुली कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे, गुंडांच्या हाताने नव्हे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई केली. सूर्यास्ताची जुनी मर्यादाच जणू घड्याळाच्या भाषेत परत आली. पुढच्याच महिन्यात झारखंडातील हजारीबाग येथे ट्रॅक्टरच्या वसुलीच्या वेळी एक गर्भवती तरुणी त्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावली.

धनकोची बाजू मी विसरलेलो नाही. कर्जाऊ दिलेला पैसा अखेर कोणाची तरी ठेव असतो, आणि पतसंस्थांत आयुष्याची पुंजी अडकल्यावर वृद्ध ठेवीदारांनी कसे हेलपाटे घातले, हे जळगाव जिल्ह्याने पाहिले आहे. वसुली व्हावी. माझा आग्रह एवढाच की ती दिवसाउजेडी, कागद दाखवून आणि चार साक्षीदारांदेखत व्हावी.

धुळ्यास देवपुरातल्या एका गल्लीत मी हा प्रसंग जवळून पाहिला आहे. दिवेलागणीची वेळ होती. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी मोबाईलमधल्या यादीशी रिक्षाचा क्रमांक ताडून पाहिला, आणि त्यांतला एक सरळ चालकाच्या जागेवर जाऊन बसला. दारे उघडली, "काय व्हयनं रे भाऊ?" म्हणत माणसे जमली, कोणीतरी रिक्षासमोर सायकल आडवी घातली, एका म्हातारीने "कागद दाखवा" असा धोशा लावला. आवाज चढले, एकाची कॉलर धरली गेली, ती दुसऱ्याने सोडविली. रिक्षावाला मात्र भिंतीशी गप्प उभा होता, कारण तीन हप्ते थकल्याचे आता साऱ्या गल्लीला कळले होते. शेवटी त्याची बायको पुढे आली. तिने काचेजवळचा सप्तशृंगीचा फोटो काढला, सुट्या पैशांचा डबा काढला, मागच्या सीटखालचा मुलाचा रेनकोट काढला, आणि सारे पदरात घेऊन ती घरात गेली. मग ज्याने सायकल आडवी घातली होती, त्यानेच ती बाजूला घेतली.