वाचलेल्याची वही

आमच्या नामपूरकडे कागद जपायची सवय जुनी. कांदा विकून आलेला शेतकरी आडत्याची पट्टी घरी आणायचा आणि खुंटीवरच्या तारेत ओवून ठेवायचा. कोणत्या साली काय भाव मिळाला, ते तारेवरून काढून दाखवायचा. मोसमकाठच्या या गावात शिक्षकी केलेले माझे मामा आणखी एक हिशेब ठेवीत, तो वाचलेल्या पुस्तकांचा. साधी शंभर पानी वही. तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक आणि पुढे एखाद-दुसरी ओळ स्वतःच्या मताची. मामा गेल्यावर पुस्तकं वाचनालयाला दिली. वही मात्र रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली गेली होती. मामींनी ती ओढून काढली, म्हणून आज माझ्यापाशी आहे.

वाचनालयात नोंदींना तोटा नसतो. पुस्तक कधी दाखल झालं, किंमत काय, कोणी नेलं, कधी परत केलं, सगळं रजिस्टरात असतं. पण वाचणाऱ्याला काय वाटलं, याचा रकाना तिथे कुठून असणार? तो ज्यानं त्यानं आपल्या वहीत आखायचा. फार थोडे लोक आखतात आणि आखलेल्या वह्याही बहुधा रद्दीतच जातात.

महाराष्ट्रात लिहिल्या गेलेल्या अशा नोंदींपैकी एक सुदैवानं टिकली. ती येरवड्याच्या तुरुंगातली. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गांधीजी येरवड्याला आले. वय बावन्न. विलायतेत बॅरिस्टर झालेल्या या माणसानं आपण विद्यार्थीदशेत पाठ्यपुस्तकांपलीकडे फारसं वाचलं नाही, असं स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे चळवळींनी सवड दिली नाही. ती सवड सरकारनं दिली! दिवसातले सहा तास वाचन-अभ्यास आणि चार तास सूतकताई, असा त्यांनी क्रम बांधला. सोबत छोटीशी दैनंदिनी. अमुक पुस्तक संपवलं, तमुक सुरू केलं, एवढीच बहुतेक नोंद. कधी दोन-चार शब्दांचा शेरा. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास, गटेचं ‘फाउस्ट’, किपलिंग, उपनिषदं, सगळी सरमिसळ. जवळजवळ दोन वर्षांत दीडशेच्या आसपास पुस्तकं झाली. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाचा विकार बळावला, पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला सुटका.

सुटल्यावर ‘यंग इंडिया’त त्यांनी तुरुंगातले अनुभव लिहिले, त्यांत या वाचनाचा हिशेबही दिला. मला त्यातला महाभारताचा भाग फार मोलाचा वाटतो. येरवड्याला जाईपर्यंत त्यांनी महाभारत समग्र वाचलेलं नव्हतं. रक्तपात आणि झोप आणणारी लांबलचक वर्णनं, याखेरीज त्यात काही नसावं, असा त्यांचा ग्रह होता. सहा हजारांहून अधिक पानांच्या गुजराती भाषांतराला हात घालायची भीती वाटत होती. सुरू केल्यावर मात्र धीर धरवेना; चार महिन्यांच्या आत ते संपलं आणि आधीचा ग्रह चुकीचा होता, हे त्यांनी छापून सांगितलं. गीतेवर ज्याची निष्ठा साऱ्या देशाला ठाऊक, त्यानं हे सांगायला धाडस लागतं. नंतरचं मत तेवढं लिहिलं असतं, तर बालपणापासून महाभारत मुखोद्गत असणार, असंच आपण समजून चाललो असतो.

आपल्या काळात हा हिशेब जाहीरपणे मांडला तो सतीश काळसेकरांनी. बँकेत नोकरी केलेला हा कवी लघुनियतकालिकांच्या चळवळीतला. ‘आपले वाङ्मय वृत्त’ या मासिकात त्यांनी वाचनाविषयी सदर लिहिलं. २०१० मध्ये ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ हे पुस्तक आलं आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कविता लिहिणाऱ्या माणसाला अकादमीनं वाचणारा म्हणून गौरवावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. काळसेकर २०२१ मध्ये गेले.

मामांची वही काही छापली जाणार नाही. तिच्यात घाईची मतं भरपूर आहेत. एका नामवंत कादंबरीपुढे नुसतं ‘पाल्हाळ’ लिहून ठेवलंय, दुसरीपुढे ‘शेवट चोरीचा वाटतो’. १९६६ सालच्या पानावर नेमाड्यांची ‘कोसला’ आहे. पुढे लिहिलंय : ‘नायकाला कामधंदा नाही. त्याचं एवढं कौतुक कशाला?’ मग १९७९ मध्ये तेच नाव पुन्हा. मधल्या काळात आमची धाकटी मावशी तापानं गेली होती. कादंबरीत नायकाची लहान बहीण मनी देवीच्या साथीत जाते. या वेळची नोंद एका ओळीची आहे : ‘मनीपाशी थांबलो. पुढे चार दिवस वाचलं नाही.’ जुनी ओळ त्यांनी खोडलेली नाही. तिच्यापुढे समासात पेन्सिलीनं दुसऱ्या नोंदीच्या पानाचा आकडा तेवढा घातला आहे.