ओट्याची कुळकथा

आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघराचा ओटा यंदा नव्याने बांधावयाचा आहे. तो घोटीव काँक्रीटचा करावा, असे काही तरुण भगिनींनी सुचविले, तेव्हा "सिमेंटचा ओटा? तो तर आम्ही फोडून टाकला!" असे उद्गार जुन्या सभासदांतून निघाले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून ओट्याची कुळकथा थोडक्यात सांगते.

ओटा ही आपल्याकडे फार जुनी वस्तू नव्हे. आजीच्या काळी चूल जमिनीवर होती. पाटावर बसून रांधायचे, विळीवर चिरायचे आणि दिवसभर उठाबशा काढायच्या, हाच क्रम असे. साध्या घरांत जमीन शेणाने सारवीत. मोठ्या वाड्यांतून चुन्याचा कोबा असे. घाणीत मळलेला चुना पसरून, ठोकून, घोटून घोटून गुळगुळीत करीत. आजच्या घोटीव काँक्रीटची ही थोरली बहीणच म्हणावयाची.

इंग्लंडमधील लीड्स येथील गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन याने 1824 साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात 1914 साली पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंट तयार होऊ लागले व 1936 साली अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. स्थापन झाली. सिमेंट सर्वत्र मिळू लागल्यावर गवंडी ओटे बांधू लागले. पुढे 1965 साली ‘इंडेन’चा पहिला गॅस कोलकात्यात दिला गेला. शेगडी सिलिंडरहून उंच असावी लागते. त्यामुळे गॅस आला त्या घरी ओटा आलाच. बाई उभी राहिली, आणि विळीची जागा हळूहळू सुरीने घेतली.

मग तो सिमेंटचा ओटा आपण फोडला का? कारण तो नुसता गिलाव्याचा होता. तेल व हळद तो शोषून घेई आणि चिंच, लिंबू, आमसूल सांडले की खरबरीत होई. सिमेंटमध्ये चुना असतो आणि आंबट पदार्थ चुना खातो. संगमरवराचे तेच, आणि काळा कडप्पाही चुनखडीचाच दगड. ग्रॅनाइट मात्र आंबटाला दाद देत नाही.

घोटीव काँक्रीट नीट केले, तर गिलाव्याहून पुष्कळ बरे. ते ओतल्यावर पाण्याने भिजवीत ठेवावे लागते. पुरती ताकद यायला साधारण 28 दिवस धरतात. मग यंत्राने खरखरीत दगडापासून बारीक दगडापर्यंत घासतात. आपल्या मोझॅकच्या लाद्या अशाच घासलेल्या असतात. शेवटी वरून लेप देतात. तो झिजला की पुन्हा द्यावा लागतो. वजनही ध्यानात घ्यावे: 5 सेंटिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे 120 किलो भरतो.

आता उंचीचे. 1926 साली जर्मनीत मार्गारेटे लिहोत्स्की या बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले. डाग व आंबटपणा सोसणारे बीच लाकूड त्यांनी कामाच्या फळीसाठी निवडले आणि बसून काम करता यावे म्हणून स्टूलही दिले. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे झाली. मात्र तेथे दुसरीला उभे राहायला जागा नाही, अशी तक्रार आली. बाईंनी स्वतः पूर्वी कधी घर चालविले नव्हते, हे त्यांनीच पुढे सांगितले.

आपल्याकडे कितीतरी ओटे गवंड्याच्या अंदाजाने झाले आणि पाठ दुखली ती आपली. कोपरापासून चार ते सहा बोटांच्या रुंदीइतका ओटा खाली असावा. तेव्हा भगिनींनो, काँक्रीट की ग्रॅनाइट हे बहुमताने ठरवा. परंतु माप घेताना जी रोज तेथे उभी राहणार, तिलाच आधी उभी करा. आणि ज्यांचे गुडघे आता उभे राहू देत नाहीत, त्यांच्यासाठी एक कोपरा ठेंगणा ठेवा. त्यांनी जन्मभर बसून रांधले आहे. त्यांच्या विळीलाही जागा हवी.