रूळ सोडून रस्त्याने

आगगाडीचे इंजिन रस्त्याने नेण्याची वेळ त्याच्या आयुष्यात सहसा दोनदाच येते. एकदा त्याच्यासाठी रूळ अजून पोचलेले नसतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा त्याचे रूळ उखडले गेलेले असतात तेव्हा. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत ते स्वतःच्या चाकांवर फिरते. एखाद्या चौकात किंवा संग्रहालयाच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या इंजिनाकडे पाहताना त्याचा हा शेवटचा प्रवास सहज विसरला जातो. इंजिनांच्या अशा रस्त्यावरच्या प्रवासाचा इतिहास मात्र महाराष्ट्रात रेल्वेइतकाच जुना आहे, आणि कोल्हापूर-मिरज पट्ट्यात तो समजून घ्यायला विशेष सोयीचा आहे. एकेकाळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ मिरजेत एकत्र येत होते, आणि आज तिथे एकाच रुंदीचा रूळ उरला आहे.

सुरुवात मुंबईची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कामावर 1852 साली पहिले इंजिन उतरले. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव त्याला दिले होते. ते ठेकेदाराचे, माती-दगडाच्या वाघिणी ढकलण्याचे इंजिन होते. बंदरापासून कामाच्या जागेपर्यंत रूळ नव्हते, म्हणून शेकडो मजुरांनी दोर लावून ते शहराच्या रस्त्यांतून ओढत भायखळ्याकडे नेले. बैल किंवा घोडे न लावता आपणहून पळणारी गाडी लोकांनी तोवर पाहिली नव्हती. ‘चाक्या म्हसोबा’ हे आगगाडीला मिळालेले नाव त्याच काळातले. पुढे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. तिचे वर्णन सर्वत्र आढळते. त्या तिघांच्या आधी एक इंजिन माणसांच्या खांद्यांच्या जोरावर मुंबईतून गेले होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्याहून अवघड प्रसंग बोरघाटात आला. खंडाळा ते पुणे हा मार्ग 14 जून 1858 रोजी वाहतुकीला खुला झाला. खाली मुंबईहून खोपोलीपर्यंत गाडी येत होती. मधला घाट मात्र अजून फोडला जात होता. तो पुरा झाला 1863 साली. सुमारे 25 किलोमीटरची चढण, 1831 फुटांची उंची, 25 बोगदे, काही ठिकाणी 37 फुटांत एक फूट असा चढ, आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर असे ते काम होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली वारल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका सोडला नाही, आणि काम पुढे गेले. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे घाटाच्या डोक्यावर एक रेल्वे धावत होती आणि खालच्या रेल्वेशी तिचा रुळांनी काहीही संबंध नव्हता. उतारू खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून जाई. वरच्या मार्गावरची इंजिने आणि डबेही याच रस्त्याने वर गेले असणार, कारण दुसरी वाट नव्हतीच. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत 1830 साली खुला झालेला घाटरस्ता हा त्या काळचा एकमेव चाकाचा मार्ग होता. बॉयलर, चाकांच्या जोड्या, सिलिंडर असे सुटे भाग करून ते गाड्यांवर लादणे आणि माथ्यावर पुन्हा जोडणे ही त्या काळची रीत होती. महाराष्ट्राच्या रेल्वे-इतिहासात बोगद्यांना मिळालेले कौतुक योग्यच आहे. तरी त्या पाच वर्षांत दगडी रस्त्याने लोखंड वर चढवणाऱ्या गाडीवानांचा वाटाही तेवढाच मोलाचा होता.

मराठी संस्थानांतही असेच घडले. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. त्या मार्गाचे पहिले इंजिन हत्ती लावून इंदुरात आणल्याचे सांगतात.

कोल्हापुरात मात्र हत्तींची गरज पडली नाही. सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा पुणे ते लोंढा हा मीटरगेज मार्ग 1890 साली पुरा झाला आणि मिरज त्यावरचे ठाणे बनले. कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरजेपासून फाटा काढला. त्याचा प्रारंभ 3 मे 1888 रोजी तरुण शाहू छत्रपतींच्या हस्ते झाला. तेव्हा ते अजून चौदा वर्षांचेही नव्हते आणि राज्यकारभार त्यांच्या हाती यायला अजून सहा वर्षे होती. 1891 साली गाडी कोल्हापूरला पोचली. मार्ग सुमारे 47 किलोमीटरचा. रुकडीजवळ पंचगंगा आणि अंकलीजवळ कृष्णा ओलांडावी लागत होती. मार्ग मिरजेकडून पुढे सरकत आला, त्यामुळे इंजिनेही बांधलेल्या रुळांवरूनच कोल्हापुरात आली. चालवण्याचे काम सदर्न मराठा कंपनीकडे होते. 1908 साली ती मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली.

या गाडीने रस्त्याचे महत्त्व कमी केले नाही, तर त्याची दिशा बदलली. आधी कोल्हापूरचा माल घाटांनी खाली कोकणातल्या बंदरांकडे आणि पुणे-बेळगाव रस्त्याने उत्तर-दक्षिण जात होता. आता भोवतालच्या गावांतून गुळाच्या बैलगाड्या स्टेशनाकडे वळल्या. 1895 साली शाहूपुरी वसली आणि गुळाची बाजारपेठ स्टेशनालगत उभी राहिली. गुळाच्या पेठेसाठी गुळमार्केट नावाचे स्टेशनही झाले. 1917 साली शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले तेही याच मार्गावर. कोल्हापूरचे आजचे स्टेशन छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हणून ओळखले जाते. शब्दशः ते टर्मिनसच आहे, कारण रूळ तिथे संपतात. त्यापुढे कोकणाकडे जायचे तर आजही रस्ताच आहे.

मिरजेला दुसऱ्या रुंदीचा रूळ 1927 साली आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी दोन फूट सहा इंच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. गेज लहान ठेवूनही वाघिणी मोठ्या आणि सामान भरपूर घेता यावे, यासाठी त्याने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर आणून ठेवला. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेली पहिली इंजिने सहा आसांवर उभी होती, त्यामुळे त्यांचे एकूण वजन तीस टनांपलीकडे जाऊ शकत नव्हते. मार्ग 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि शेवटी मिरजेला पोचला. पंढरीच्या वारकऱ्यांना या छोट्या गाडीने जेवढे नेले-आणले, तेवढे क्वचितच दुसऱ्या गाडीने नेले असेल. 1954 साली सरकारने ती विकत घेतली. अशा प्रकारे मिरजेला मीटरगेज आणि नॅरोगेज शेजारी नांदू लागले, आणि पुढे ब्रॉडगेज आल्यावर तिन्ही रुंदींचे रूळ एकाच ठाण्यात दिसू लागले.

तीन रुंदींचे रूळ शेजारी असले तरी एकाचे इंजिन दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. रस्त्याचा प्रश्न इथूनच पुन्हा उभा राहतो. नॅरोगेजचे इंजिन दूर न्यायचे असेल तर ते क्रेनने ब्रॉडगेजच्या सपाट वाघिणीवर चढवून नेत. सारा रस्ता रुळांवरच पार पडे, आणि स्टेशनापासून इच्छित जागेपर्यंतचा अखेरचा टप्पाच काय तो रस्त्याचा असे. रूळ जवळ असतील तोवर हीच पद्धत सर्वांत सोपी आणि सुरक्षित ठरते. बार्शी लाइटच्या कॅलथ्रॉपच्याच नावाशी जोडलेली माथेरानच्या गाडीची इंजिने ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने बनवली. त्यांतले 740 क्रमांकाचे इंजिन आज इंग्लंडमधल्या लेटन बझार्ड रेल्वेवर आहे. नेरळच्या डोंगरातून तिथवर पोचायला त्याला रस्ता आणि जहाज दोन्ही लागले.

1971 च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि कोल्हापूरचा मीटरगेज संपला. मिरजेच्या दक्षिणेचा मीटरगेज 1990 च्या दशकात गेला. बार्शी लाइटचे रूळही नव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने उखडले गेले. दरम्यान वाफच मागे पडत होती. चित्तरंजनच्या कारखान्यात 1970 साली शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन बांधले गेले. भारतीय ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर 1995 मध्ये थांबली. बहुतेक इंजिने भंगारात गेली. काही वाचली ती दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, काही स्टेशनांच्या व रेल्वे कार्यालयांच्या आवारात. दिल्लीचे संग्रहालय 1977 साली सुरू झाले. जतन करायचे ठरते तेव्हा इंजिन बहुधा अशा जागी असते, जिथून रूळ निघून गेलेले असतात, आणि पोचायचे असते अशा जागी, जिथे ते कधी नव्हतेच.

असे इंजिन हलवण्याचे काम शेडमध्ये सुरू होते. बॉयलर आणि टेंडर रिकामे करतात, कारण पाणी आणि कोळसा म्हणजे कित्येक टनांचा फुकट भार. टेंडर वेगळे काढून दुसऱ्या ट्रेलरवर घेतात. चाकांना जोडणारे दांडे आणि पिस्टनचे दांडे सोडवतात. तसे न केल्यास इंजिन ओढताना कोरडे पिस्टन सिलिंडरला घासत जातात आणि जे जपायचे तेच खराब होते. बॉयलरवरच्या जुन्या आवरणात ॲस्बेस्टॉस असल्यास ते आधी प्रशिक्षित माणसांकरवी काढावे लागते. वाफेच्या इंजिनाची एक खास अडचण अशी की, बॉयलर चौकटीला पुढच्या बाजूला पक्का धरलेला असतो, तर मागची भट्टी तापून लांब होईल म्हणून थोडी सरकू शकेल अशी ठेवलेली असते. उचलताना साखळ्या बॉयलरला बांधल्या तर हा तोल बिघडतो. म्हणून दोर नेहमी खालच्या चौकटीला बांधतात. दोन क्रेन लावल्यास दोघांनी एकाच गतीने उचलणे भाग असते. वजन मध्यावर नसते, ते बहुधा भट्टीच्या बाजूला अधिक असते. क्रेन न मिळाल्यास ट्रेलरला उतार लावून त्यावर तात्पुरते रूळ टाकतात आणि विंचने इंजिन हळूहळू वर ओढतात. हा मार्ग वेळखाऊ असतो, पण जुन्या लोखंडासाठी तोच अधिक सौम्य.

पुढचा प्रश्न आकाराचा. मोटार वाहन नियमांनुसार ट्रकची रुंदी 2.6 मीटर आणि वजन साधारणपणे 55 टनांपर्यंत असावे लागते. ब्रॉडगेज इंजिन सव्वातीन मीटरपर्यंत रुंद आणि धुराड्यापर्यंत सव्वाचार मीटरच्या आसपास उंच असते. डब्ल्यूपी जातीचे प्रवासी गाडीचे इंजिन टेंडरसह दीडशे टनांहून जड भरते. मीटरगेजचे वायपी कोळसा-पाण्यासह शंभर टनांच्या आसपास असते. त्यामुळे परवाना, पोलीस बंदोबस्त आणि खूप आसांचा, प्रत्येक आसाची उंची कमी-जास्त करता येणारा हायड्रॉलिक ट्रेलर लागतो. ट्रेलरचा पाट जमिनीपासून साधारण मीटरभर उंच धरला, तर ब्रॉडगेज इंजिनाचा माथा सव्वापाच मीटरवर जातो. राष्ट्रीय महामार्गावर 5.5 मीटरची मोकळीक ठेवतात, तेवढी पुरते. गावातल्या वीजतारा, केबल आणि स्वागतकमानी मात्र अडवतात. अशा वेळी धुराडे आणि चालकाच्या खोलीचे छत उतरवून ठेवतात.

कोल्हापुरात असे इंजिन मिरजेकडून आणायचे झाल्यास वाट कृष्णेवरच्या अंकली पुलावरून जयसिंगपूर आणि हातकणंगलेमार्गे शिरोलीला येते. तिथे पुणे-बंगळूर महामार्ग गाठून पंचगंगा ओलांडायची आणि तावडे हॉटेलपाशी शहरात शिरायचे. पुलांची ताकद ही इथली पहिली चौकशी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ‘70 आर’ निकषात शंभर टनांचे चाकांचे वाहन गृहीत धरलेले असते. 2014 नंतर खास अतिभारासाठी 385 टनांचे वाहनही निकषात आले. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या दगडी कमानीच्या शिवाजी पुलासारख्या जागी मात्र असा भार नेणे योग्य नाही. दुसरी चौकशी ऋतूची. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते आणि वाहतूक बंद पडली होती. म्हणून हे काम जून ते सप्टेंबर टाळून, शक्यतो कोरड्या महिन्यांत आणि रात्री करणेच शहाणपणाचे. शहरात रेल्वेखालचा परीख पूल अशा उंचीला चालणारा नाही. त्यामुळे रेल्वेच्या पलीकडच्या भागात जायचे तर लांबचा वळसा पडतो.

इंजिन जागेवर पोचले की काम निम्मेच झालेले असते. चाके जमिनीला लागू न देता इंजिन रुळांच्या तुकड्यांवर बसवतात. तुकड्यांखाली काँक्रीट आणि गिट्टी घालतात. इंजिन खूप जड असल्याने पायाचा एक कोपरा दबला तरी चौकट पिळली जाते. कोल्हापूरसारख्या भरपूर पावसाच्या शहरात धुराड्यातून शिरलेले पाणी सर्वांत घातक. ते पुढच्या धूरपेटीत साचून पत्रा आतून कुजवते, आणि बाहेरून नवा रंग दिलेला असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून धुराड्यावर झाकण, धूरपेटीला खाली छिद्र, दांड्यांना वंगण आणि डोक्यावर छप्पर ही किमान तजवीज करतात. दसऱ्याला फुले वाहून रंग लावणे वेगळे आणि दर पावसाळ्याआधी धूरपेटी उघडून आतला पत्रा ठोकून पाहणे वेगळे. इंजिन रस्त्याने आणायला लागलेला खर्च वसूल होतो तो या दुसऱ्या कामाने.