पाच टक्क्यांची गाडी

शनिवार, १६ एप्रिल १८५३. तुम्ही बोरीबंदरच्या गर्दीत उभे आहात आणि साडेतीन वाजून गेलेत. एकवीस तोफांची सलामी संपते न संपते तोच साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं चौदा डबे ओढत ठाण्याकडे निघतात. चारशे पाहुण्यांत नाना शंकरशेटही आहेत. धुराकडे सगळेच बघताहेत. तुम्ही जरा मागच्या हिशेबाकडे बघा.

ही गाडी सरकारची नाही. लंडनच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची, म्हणजे आपल्या जीआयपीची आहे. १८४९ च्या करारानं जमीन तिला फुकट मिळाली आणि भांडवलावर सालिना पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. गाडी भरली तर उत्तम. रिकामी धावली तर कमी पडेल ते सरकार भरणार, म्हणजे इथल्या रयतेच्या साऱ्यातून भरणार. कंटाळा आला तर सहा महिन्यांची नोटीस देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालायचा आणि पैसे परत घ्यायचे, ही सोयही करारात आहे. याला खाजगी धंदा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

आता खंडाळ्याला चला, हाच मार्ग घाट चढतोय. जानेवारी १८५९. बोरघाटात गारठा आहे आणि हवेत सुरुंगाच्या दारूचा वास. कड्यावरून दोरानं खाली सोडलेली माणसं पहारीनं दगडाला भोकं पाडताहेत. अठराशे एकतीस फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि सदतीस फुटाला एक फूट असा चढ, असा हा कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांचा आराखडा आहे. कागदावर तो देखणा दिसतो. खाली मात्र पैसा वरून ठिबकत येतो: कंपनीकडून फॅव्हिएल या ठेकेदाराकडे, त्याच्याकडून पोटठेकेदाराकडे, मग मुकादमाकडे आणि उरलं तर घमेलं उचलणाऱ्या बाईच्या हातात.

झोपड्यांपाशी एक म्हातारा बसलाय. पगार झाला का, असं तुम्ही विचारता. तो तुमच्या स्वच्छ कपड्यांकडे बघतो आणि म्हणतो, "सायबाचं आलं म्हनत्यात. आमचं मुकादमाकडं अडकलंय. तुमी मुंबैचं का? मंग सांगा की वर कुनाला तरी."

वर कुणाला सांगणार? त्याच महिन्यात थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा होतो, मजूर गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून जातात आणि पुढे फॅव्हिएलचा ठेका जातो. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारानं दगावतो. त्याची बायको अ‍ॅलिस तो ठेका पुढे चालवते. १८६१ मध्ये इथं बेचाळीस हजार माणसं राबताहेत. पटकी येते, झोपड्यांच्या ओळी रिकाम्या होतात, पुन्हा भरतात. १८६३ मध्ये घाट खुला होतो आणि १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळतो. पूल पडला तरी पाच टक्के पडत नाहीत.

१८७२ मध्ये लंडनला संसदेच्या समितीपुढे क्षणभर डोकवा. हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी साक्ष देताहेत. व्याजाची हमी असल्यावर आपला पैसा हुगळीत गेला काय आणि विटाचुन्यात गेला काय, भांडवलदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. एवढं स्वच्छ बोलायला त्यांना माजी व्हावं लागलं.

१९०० मध्ये सरकार जीआयपी विकत घेतं आणि लगेच चालवायला त्याच कंपनीला देतं. मालकी इकडे, कारभार तिकडे. याची चव घ्यायची तर सप्टेंबर १९१७ च्या मद्रास मेलमध्ये, तिसऱ्या वर्गात शिरा. बावीस जणांचा डबा, झोपायला फळी नाही, प्रवासात एकदाही झाडू फिरलेला नाही. रायचूरनंतर तर श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. कोपऱ्यात तेरा रुपये नऊ आण्यांचं तिकीट काढलेले मोहनदास गांधी बसलेत. हे सगळं ते पुढे लिहून काढणार आहेत. तक्रार करायची तर कुणाकडे? सरकार कंपनीकडे बोट दाखवणार आणि कंपनीचं बोर्ड आहे लंडनला. तेव्हाही आणि आजही, रेल्वे सरकारी की खाजगी या वादात मला हाच प्रश्न आधी विचारावासा वाटतो.

रेल्वेचा कारभार कुणी करावा हे ठरवायला नेमलेल्या अ‍ॅकवर्थ समितीत यावर दोन तट पडले; अध्यक्ष अ‍ॅकवर्थ यांनी कौल दिला तो सरकारी कारभाराला. १९२५ च्या मध्यावर जीआयपी पुरती सरकारच्या हाती आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झालेली, तेव्हा नव्या धन्याला आयतं तोरण मिळालं. पण धनी बदलला म्हणून पगारपत्रक बदललं नाही. फेब्रुवारी १९३० मध्ये याच रेल्वेचे कामगार सरकारविरुद्ध संपावर गेले.

आणि भागधारक? त्यांना १९०० च्या सौद्याचे पैसे एकरकमी मिळालेच नव्हते. वार्षिक हप्ते बांधून दिले होते. तिकडे गांधी मद्रास मेलमध्ये अंग चोरून बसले होते तेव्हाही हे हप्ते चालू होते, संपात चाकं थांबली तेव्हाही. त्यांची ठरलेली मुदत १८४९ पासूनची नव्व्याण्णव वर्षं, म्हणजे ऑगस्ट १९४८ पर्यंत होती.