गुत्ता, गल्ली आणि हवालदार

ह्या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावरचे आणि सार्वजनिक वाचनालयातले, तेव्हा श्रोत्यांनी पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. विषय मात्र आपल्या सर्वांच्या दारातला आहे. रात्री नाक्यावर पोरे पिऊन आरडाओरड करतात, बाटल्या फोडतात, आयाबायांना वाट चालणे अवघड होते. मग कोणी म्हणतो, पोलिसांनी दंडुका चालवावा. कोणी म्हणतो, आईबापांचे लक्ष नाही. ही दोन्ही मते जुनी आहेत. आपल्या प्रांतात ह्या बाबतीत आजवर काय काय करून झाले, ते आधी पाहू.

गुत्ता वस्तीने मागितला म्हणून आलेला नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारची पकड घट्ट झाली, आणि दारूचे उत्पन्न ही तिजोरीची मोठी बाब होऊन बसली. उत्पन्न सरकारचे, उपद्रव शेजाऱ्यांचा! १८८० साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. वस्तीत निघणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेस पत्र लिहिले. आपल्या गल्लीत काय असावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न असा जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

१९०८ साली पुण्यात स्वयंसेवक गुत्त्यांसमोर उभे राहिले आणि येणाऱ्याला समजावून परत पाठवू लागले. त्यांत तरुणांचा भरणा होता. टिळकांचा ह्या चळवळीस पाठिंबा होता. पोलिसांनी स्वयंसेवकांनाच धरले, त्यांच्यावर खटले झाले. त्याच जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. तो संप आपण अभिमानाने सांगतो. गुत्त्यापुढे उभ्या राहिलेल्या त्या पोरांची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. तरुण म्हणजे उपद्रव, असे समजणाऱ्यांनी ती अवश्य काढावी.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. त्या दिवशी बहिष्कार घालणाऱ्या जमावाचा तोल सुटला. दारूची दुकाने फोडली आणि जाळली गेली, पारशी व इतर लोकांवर हल्ले झाले, दंगल काही दिवस चालली, माणसे मेली. गांधीजींना उपवास करावा लागला. दारूविरुद्ध उभे राहणारा हातही आवरला नाही, तर शेजाऱ्याच्याच डोक्यात धोंडा घालतो.

ह्या साऱ्या काळात गिरणगावात गल्ली राखीत असे तो ‘दादा’. त्याचा आखाडा असे, त्याच्या शब्दाला वजन असे. पोलीसही त्याच्यामार्फत वस्तीवर वचक ठेवीत, आणि संप मोडायला मालकांनाही तो उपयोगी पडे. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. हेतू चांगला होता. परंतु गुत्ता बंद होऊन हातभट्टी पेटली. काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेली दारू टायरच्या ट्यूबमधून वस्तीत येऊ लागली. ती वाहायला पोरे, पाळत ठेवायला पोरे. ज्याने पकडायचे त्याचा हप्ता ठरला. पुढे बंधने सैल झाली तरी हप्त्याची सवय सुटली नाही. आजही कायद्याने सौम्य बिअर एकवीस वर्षांखालील मुलाला आणि कडक दारू पंचवीस वर्षांखालील मुलाला देता येत नाही. आपल्या नाक्यावर हे कोण पाहतो?

आता आमचीच एक चूक सांगतो. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. बापाची गिरणी गेली आणि मोठी भावंडे नाक्यावर बसू लागली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तरी २००४ च्या गणपतीत दोन पोरांनी पिऊन भाजीवालीची पाटी उलटवली, तेव्हा आम्ही पाच-सहा कार्यकर्त्यांनी त्यांना बेदम चोपले आणि पोलिसांच्या हवाली केले. त्यांतला एक पुढे टोळीत गेला. दुसऱ्याला वस्तीतला एक जुना हवालदार नावाने ओळखत होता. त्याने त्याच्या आईला बोलावले, भाजीवालीचे नुकसान पोराच्या मजुरीतून फेडून घेतले, आणि रोज संध्याकाळी त्याला चौकीत हजेरी लावायला सांगितली. तो पोरगा आज रिक्षा चालवतो. वर्षभरात त्या हवालदाराची बदली झाली. बदली रोखावी म्हणून आम्ही एक अर्जसुद्धा केला नाही! पगारवाढीसाठी शेकडो अर्ज लिहिणारी आमची लेखणी तेव्हा कोठे गेली होती?

एका हवालदाराने केले ते पुष्कळांना मिळूनही करता येते. भिवंडीत १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. साधी माणसे आणि ठाण्याचे पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. त्याआधी दंगलींनी होरपळलेली ती भिवंडी १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना शांत राहिली. त्या समित्या दारूसाठी नव्हत्या, पण ओळख आधी असली तर काठी क्वचितच उचलावी लागते, हे तेथे दिसले.

फुल्यांच्या प्रश्नालाही थोडे उत्तर मिळाले आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील निदान पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी वा एकूण मतदारांनी मागणी केली, की मतदान घेता येते. निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. हा हक्क मुख्यतः बायांनी लढून मिळवला. मात्र दुकान बंद झाल्यावर हातभट्टी पेटू नये हे पाहायला वस्तीच हवी.

म्हणून श्रोत्यांना एवढेच विनवतो. आपल्या बीट चौकीच्या हवालदाराचे नाव आज घरी जाण्यापूर्वी विचारून घ्या, आणि तो चांगला असेल तर त्याच्यासाठी अर्ज लिहा. नाक्यावरच्या चार पोरांचीही नावे माहीत करून घ्या. आम्हांला हे फार उशिरा सुचले.