स्क्वीजी

स्क्वीजी : काचेवर चोळलेले साबणाचे पाणी एकाच ओढीत निपटून काढणारे हस्तसाधन. मूठ, धातूची पन्हळ आणि पन्हळीत बसविलेली रबरी पट्टी हे त्याचे तीन अवयव होत. बाजारात ते ‘काचेचा वायपर’ म्हणून मागितले जाते; तथापि फरशीवरील पाणी लोटणाऱ्या जाड कडेच्या वायपराशी त्याची गल्लत करू नये, कारण काचेच्या साधनाची सारी करामत पट्टीच्या काटकोनी, धारदार कडेत असते आणि ती कड बोथट झाली की उत्तमोत्तम मूठही निरुपयोगी ठरते.

पूर्वेतिहास : जहाजाच्या तक्तपोशीवरील पाणी ओढण्याची तत्सम साधने एकोणिसाव्या शतकात प्रचारात होती. काचसफाईच्या धंद्यात मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी ‘शिकागो’ नावाचे जड, पोलादी व दुहेरी पट्ट्यांचे साधन रूढ होते. त्याच्या पट्ट्या बदलावयाच्या म्हणजे बारा स्क्रू ढिले करावे लागत. इटलीहून अमेरिकेत गेलेला आणि कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थायिक झालेला एट्टोरे स्टेकोने हा स्वतः काचा पुसण्याचे काम करणारा कारागीर होता. त्याने पितळेची हलकी पन्हळ व एकच लवचीक पट्टी असलेले साधन सिद्ध केले. त्याच्या एकस्वाचे वर्ष सामान्यतः 1936 असे दिले जाते. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या विक्रेत्याने हा जिन्नस ठेवण्याचे नाकारले, तेव्हा स्टेकोनेने एका उत्तम हॅटची पैज लावली, काही नमुने कारागिरांना विनामूल्य वाटले आणि त्यांच्याच मागणीमुळे त्या विक्रेत्याला माल मागवावा लागून पैज जिंकली, अशी हकिगत या धंद्यात परंपरेने सांगितली जाते. आजची बहुतेक साधने याच घडणीची आहेत. अशी साधने बनविणाऱ्या जर्मनीतील उंगर या कंपनीची स्थापना 1964 मधील.

निवड : पन्हळ पितळेची, स्टेनलेस स्टीलची वा ॲल्युमिनियमची असते, पितळ वजनदार व स्थिर, ॲल्युमिनियम हलके, आणि यांपैकी श्रेष्ठ कोणते हा बराचसा हाताच्या सवयीचा प्रश्न आहे. शिकाऊ माणसाने 12 किंवा 14 इंची पन्हळ घ्यावी; 18 इंचांवरील पन्हळ दुकानांच्या अखंड काचांसाठी, 6 इंची लहान तावदानांसाठी. पट्टी पन्हळीच्या दोन्ही टोकांबाहेर सुमारे 3 मिमी. निघालेली असावी, अन्यथा धातू चौकटीला घासतो आणि कडेला पाण्याची रेघ राहते. उष्ण हवेत कठीण व थंडीत मऊ रबर वापरावे असा शिरस्ता आहे. त्याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. पट्टी उन्हात किंवा तेलाच्या संसर्गात ठेवू नये. रबर कडक होऊन तडकते.

वापर : काच प्रथम भरपूर ओली करून मळ सुटू द्यावा. वरची कड फडक्याने कोरडी करावी, मूठ काचेशी लघुकोनात धरावी, दाब समान ठेवावा, आणि प्रत्येक ओढ आधीच्या कोरड्या भागावर दोन इंच चढवून घ्यावी; दोन ओढींच्या मध्ये पट्टी पुसावी. नागमोडी ओढ, जिच्यात साधन काचेवरून न उचलता वळवीत खाली आणले जाते, ती वेगवान असली तरी सरळ ओढ साधल्यावरच शिकावी.

माळशिरस परिसरातील उपयोग : सोलापूर जिल्ह्यातील हा तालुका पर्जन्यछायेतील असून त्याच्या काही भागाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी मिळते. नातेपुते, माळशिरस व वेळापूर हे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे मुक्काम ज्या मार्गावर आहेत, त्या हमरस्त्यालगतच्या दुकानांच्या काचांवर धूळ सतत बसते. उसाच्या पट्ट्यात गाळप हंगामात चिपाडाची काजळीही उडते. या धुळीतील वाळूचे कण काचेहून कठीण असल्यामुळे कोरड्या काचेवर स्क्वीजी, पाते किंवा फडके फिरविणे म्हणजे काचेवर कायमचे ओरखडे पाडणे होय. सबब पाण्याची काटकसर करावयाची ती शेवटच्या धुण्यात, पहिल्या भिजवणीत कदापि नव्हे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि तापलेल्या काचेवर ते पट्टी फिरण्यापूर्वीच वाळून पांढरे डाग उरतात. ह्याकरिता काम सकाळी किंवा सावली आलेल्या बाजूने करावे आणि शक्य तेथे साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे. चुन्याचे ताजे डाग सौम्य व्हिनेगरने विरघळतात. सिलिकेचे डाग त्याने निघत नाहीत.

उंचीवरील काम : लांब दांडा जोडून जमिनीवरूनच करणे इष्ट.

देखभाल : पट्टीची एक कड झिजली की ती उलटवून दुसरी वापरता येते, दोन्ही झिजल्यावर केवळ पट्टी बदलावी लागते, पन्हळ व मूठ वर्षानुवर्षे टिकतात.